रंगाचा रकाना

विम्याच्या अर्जावर रंगासाठी जागा बोटभर.
वय, उंची, कपाळावरचा भोवरा,
मागच्या डाव्या पायाचं पांढरं,
सगळं भरून झालंय.
केरीच्या किनाऱ्यावर, सुरूच्या सावलीत
मी पेन उघडून उभी
आणि फेर्मीन पुन्हा पुन्हा तेच म्हणतोय,
"डॉक्टर, काळी म्हण घेतल्ली. तांबडी जाली."

झालीय खरी.
कुशीवर करपलेल्या गुळाचा रंग,
पुठ्ठ्यांवर त्याहून फिका, गंजका,
आयाळीची टोकं तर काथ्याची.
खानापूरच्या दलालाने कलप लावून विकली,
असा त्याचा वहीम.
लिंबू पिळलेल्या फडक्याने त्याने तिची मान घासलीय,
फडकं माझ्या नाकाशी धरतो.
त्यावर धूळ आहे, मीठ आहे,
कलप नाही.

हुसेनसाब लगाम धरून गप्प.
त्याची मेंदी लावलेली दाढी
या सगळ्या प्रकरणात सर्वांत लाल.

जीन उतरव, मी म्हणते.
पट्टा सुटतो, नमद्याखालून वाफ येते,
आणि जिनाच्या आकाराची रात्र
तिच्या पाठीवर तशीच.
आयाळ उचलते. खाली मान
विकत घेतल्या दिवशीची आहे.
फेर्मीन बोट लावून बघतो,
मग ते बोट शर्टाला पुसतो, सवयीने.

ऊन खातं रंग, मी सांगते.
घाम सुकतो, मीठ उरतं, त्यावर पुन्हा ऊन.
दिवसाला किती फेऱ्या?
"नऊ." हुसेनसाब.
"सात," फेर्मीन. "रविवारी नऊ."
आणि धुता कशाने?
हुसेनसाब लाटांकडे बघतो.

जवस देता?

आता फेर्मीन नदीपलीकडे तेरेखोलच्या भिंतीकडे बघतो,
जणू ती भिंत आजच बांधलीय.
महाग झालं, म्हणतो. शिमग्यापासून बंद.
कोंडा आहे. गवत आहे.
गवत, मी बघितलं, पिवळं पडून वर्ष झालेलं.

केसात काळं भरायला तांबं लागतं, फेर्मीन,
अगदी कणभर, चाऱ्यातून.
तांबं कमी पडलं
की घोडी तांबडी होते.
तो हसतो. मी चेष्टा करतेय असं त्याला वाटतं.
भाषेनेच केली असेल तर केली,
मी नाही.

खांद्यांमधल्या उंचवट्यावर रुपयाएवढा पांढरा डाग,
जुन्या जखमेचा. तिथले केस येतात, रंग येत नाही.
ते कुठल्या जिनाने केलं, कुणाच्या,
हे कुठल्याच अर्जात विचारत नाहीत.

मात्र पाठीवर हात फिरवताना
हात थांबतो.
एवढ्या भुकेल्या कातडीवर ही झाक कुठून?
खोबरेल लावतोस?
"नाही बाई. तेल वाळू धरतं.
रोज रात्री खरारा. हात दुखेपर्यंत.
तिचं तिच्याच आतलं वर येतं."
एवढंच. पुन्हा गप्प.
गावातल्या खोलीवर दिवा गेला की तो इथेच झोपतो,
असं चहावाली रोझालीन मला सांगून गेली होती.

पावसाळ्यात पाठीवर खपल्या धरतील,
झुपके खपलीसकट निघतील.
मग पाऊस सरला की नवा केस येईल, आखूड,
आणि तो काळा असेल की नाही
हे आत्ता, मे महिन्यात,
दाण्याच्या डब्यात ठरतंय.

मी रकान्यात लिहिते: काळा.
"कंपनीचो मनीस येयल्यार?"
आला तर म्हणावं, आयाळ उचल.

अर्जाच्या मागच्या कोऱ्या बाजूला, उगीचच, लिहिते:
जवस भिजवून, उकडून, पावशेर.
अकरा ते चार सावली.
विहिरीचं पाणी, तेही शेवटी, डोक्यावरून नाही.
फेर्मीन घडी घालून खिशात ठेवतो,
लिहिलेली बाजू आत.

हुसेनसाब जीन चढवतो.
रात्र झाकली जाते.
बसमधून उतरलेला एक मुलगा वाळूत धावत येतो,
"आई, मला तो चॉकलेटी घोडा!"
माशी बसते. घोडीची कातडी थरथरते,
खांद्यापासून कुशीपर्यंत,
आणि त्या एका लाटेत
कितीतरी रंग येऊन जातात,
बोटभर जागेत न मावणारे.
हुसेनसाब मुलाला उचलून वर बसवतो.
"घोडी आहे," म्हणतो. "काळी."